नकाशातली बाहेरची खोली

घर बांधायला काढलं की सल्ल्यांना तोटा नसतो. मनोहरराव भोयरांनी मानेवाडा रस्त्याच्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला आणि सिमेंटच्या परमिटासाठी खेटे घालायला सुरुवात केली, तेव्हापासून त्यांच्या कचेरीतला शिपाईसुद्धा त्यांना शहाणपण शिकवू लागला. स्वयंपाकाचा ओटा उभ्याचा करा साहेब, आता नाही केला तर कधीच होत नाही. झोपाळ्याची कडी स्लॅब टाकतानाच बसवा, मागून फोडाफोड होते. भिंतीत कपाटं काढा, मोरीवर माळा टाका, कूलरसाठी मोठी खिडकी ठेवा आणि तिच्या बाहेर कूलर टेकवायला फरशी. मनोहरराव घरी येऊन हे सगळं बायकोला सांगत आणि शामला मान डोलावत जाई. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत तिनं संसाराची बारा वर्षं काढली होती. तिला यातलं काहीही जास्तीचं वाटत नव्हतं.

मनोहररावांचे थोरले भाऊ महादेवराव मौद्याकडे शेती करत. त्यांनी सल्ला दिला नाही. त्यांनी कन्हान नदीची रेती बैलबंडीनं आणून टाकली, पाया खोदला तेव्हा दोन दिवस मुक्कामाला आले, आणि एकच गोष्ट मागितली.

"मनोहर, समोर एक बाहेरची खोली काढ गा. अलग दार, नळ अन् बाजूले संडास. येणाऱ्या-जाणाऱ्याले बरं पडते, अन् तुमालेई तरास नाही."

मनोहररावांनी लगेच होकार दिला. नकाशात खोली आली. तिच्या भिंती कमरेइतक्या उठल्यासुद्धा.

पण शामलानं त्या भिंती पाहिल्या आणि तिच्या डोळ्यांपुढे महालातली बारा वर्षं उभी राहिली. मौद्याकडच्या भोयरांचं, त्यांच्या सोयऱ्यांचं आणि सोयऱ्यांच्या सोयऱ्यांचं नागपुरात एकच हक्काचं ठिकाण होतं. कोर्टाची तारीख असली की शामलाकडे. पोरगी दाखवायची असली की शामलाकडे. मॅट्रिकचं सेंटर नागपूर आलं की पोरगा आणि त्याच्याबरोबर त्याचा मामा, दोघंही शामलाकडे. ती रात्री चुलीपाशी अंग मुडपून निजायची आणि पहाटे कोणाच्या तरी अंगावर पाय न देता नळावर कसं जावं याचा विचार करायची. अलग दार, अलग नळ, अलग संडास म्हणजे या लोकांना आता निघायचं कारणच उरणार नव्हतं.

"मी खानावळ नाही काढून राहिली," ती नवऱ्याला म्हणाली. "ती खोली पाडा अन् तिथं पोर्च करा. लेआउटमधी सगळ्यायनं पोर्च केला."

"आपल्याजवळ मोटार कुठं आहे?"

"आज नाही. उद्या येईन."

मनोहरराव हा माणूस कचेरीत साहेबाला आणि घरात बायकोला नाही म्हणायच्या भानगडीत पडत नसे. शिवाय खरं सांगायचं तर पाहुण्यांचा त्यालाही कंटाळा आला होता, फक्त तो बायकोच्या तोंडून बोलला गेला तर त्याला जास्त आवडायचं. त्यानं देवाजी मिस्त्रीला सांगितलं, आणि कमरेइतक्या उठलेल्या भिंती देवाजीनं एका सकाळी पाडून टाकल्या.

पुढच्या रविवारी महादेवराव मौद्याच्या बसनं आले. खोलीच्या जागी दोन खांब उभे होते. ते थोडा वेळ खांबांकडे पाहत राहिले.

"खोली काहून पाडली गा?"

"नकाशात बसली नाही दादा," मनोहरराव म्हणाले. शामला चहाचे कप घेऊन तिथंच उभी होती. ती खाली कपांकडे पाहत राहिली.

"नाही बसली तं नाही बसली," महादेवराव म्हणाले. मग धोतर खोचून ते उठले आणि संध्याकाळपर्यंत नव्या भिंतींवर पाणी मारत राहिले. शामलाला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण काही तरी वाईट केलं. पण काय केलं हे तिला नीट सांगता आलं नसतं, आणि घराचं काम एवढं होतं की ते विसरायलाही तिला फार कष्ट पडले नाहीत.

वास्तुशांत वैशाखात झाली. महादेवराव आणि त्यांची बायको जिजाबाई सकाळच्या बसनं आले. जिजाबाईंनी एवढ्या उन्हातही पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून घेतला होता. आवाज बसल्यासारखा येत होता. शामलानं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खोकला झाला वं बाई, दुसरं काय."

शामलाचं लक्ष हजार ठिकाणी होतं. जिजाबाई मात्र एकेक खोली फिरून आल्या. ओट्यावर हात फिरवला, भिंतीतलं कपाट उघडून मिटलं, कूलरच्या खिडकीतून वाकून पाहिलं, कडीला लटकणारा झोपाळा हातानंच हलवून पाहिला आणि हसल्या. "लय चांगलं केलं वं शामला. माह्या मनासारखं झालं," म्हणाल्या. शामलाला टायफॉइड झाला होता तेव्हा याच जिजाबाई पेरणीचे दिवस सोडून महालात येऊन राहिल्या होत्या, तिच्या पोराला कुशीत घेऊन झोपल्या होत्या. त्या बाईला आपलं घर आवडलं याचा शामलाला मनापासून आनंद झाला.

जेवणं उरकल्यावर जिजाबाई पोर्चमध्ये येऊन उभ्या राहिल्या. मांडवाची गादी, भाड्याची भांडी आणि मनोहररावांची सायकल तिथं ठेवलेली होती. महादेवरावांनी पिशवी उचलली.

"राहा ना बाई आजचा दिवस," शामला म्हणाली. तिनं ते असं म्हटलं की कोणीही निघूनच जावं. म्हणताना तिलाही ते कळलं.

"नाही वं. ढोरं कोण पाहीन?" जिजाबाई म्हणाल्या आणि दोघं संध्याकाळच्या बसनं गेले.

पुढे उन्हाळा चढला. पोर्चच्या स्लॅबला भेग गेली म्हणून देवाजी मिस्त्री एकदा तपासायला आला. पाणी पिता पिता सहज म्हणाला, "भाऊ कसे हायेत आता? मले तं मेडिकल दवाखान्याच्या फाटकावर रोज दिसून राहिले."

"कोण भाऊ?" शामलानं विचारलं.

"महादेवभाऊ. तुमाले माहीत नाही?" देवाजी गोंधळला. त्याला वाटलं होतं की माहीत असणारच. मग जे त्याला माहीत होतं ते त्यानं सांगितलं. जिजाबाईंच्या गळ्यात गाठ होती. डॉक्टरनं रोज वीज द्यायला, म्हणजे यंत्राच्या किरणांनी गाठ जाळायला सांगितलं होतं, महिना-दीड महिना. नवराबायको मेडिकलजवळच्या धर्मशाळेत राहत होते. "भाऊ म्हणत होते, डाक्टरनं हिवाळ्यातच बलावलं होतं. पण बाई म्हणे, देराचं घर होऊ द्या, मंग जाऊ. घर झालं की सोय होते."

देवाजी गेला तरी शामला पायरीवरच बसून राहिली. हिवाळ्यात. म्हणजे ती दुखरी गाठ गळ्यात घेऊन जिजाबाई या घराची वाट पाहत थांबल्या होत्या, आणि महादेवरावांनी खोली मागितली ती येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी नव्हे, बायकोसाठी मागितली होती. का नाही सांगितलं सरळ? तिला त्यांचा रागच आला. सांगितलं असतं तर मी काय राक्षसीण होते? मग नकाशात बसली नाही असं आपल्याकडूनच ऐकल्यावर त्यांनी आणखी काय सांगायचं होतं हे तिच्या ध्यानात आलं, आणि राग जसा आला तसा गेला.

संध्याकाळी नवरा आल्यावर तिनं सांगितलं. मनोहरराव बुटाची नाडी सोडत बसले. "तूच म्हणत होती पोर्च पोर्च," ते म्हणाले.

"अन् नकाशात बसली नाही हे कोण म्हणे?"

त्या रात्री दोघांनीही एकमेकांकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी शामलानं सकाळीच स्वयंपाक केला. भाकरी, झणझणीत वांग्याची भाजी, लसणाची चटणी, सगळं जिजाबाईंच्या आवडीचं. डबा भरला आणि रिक्षा केली. रिक्षात बसल्या बसल्या तिनं वाक्यही ठरवून ठेवलं. बाई, घरी चला. आमच्या खोलीत तुम्ही निजा, आम्ही बाहेर झोपतो. एवढं म्हणायचं आणि पिशवी उचलायची. नाही म्हणाल्या तर पाय धरायचे.

धर्मशाळेच्या वऱ्हांड्यात बायका स्टोव्ह मांडून बसल्या होत्या. रॉकेलचा आणि फोडणीचा वास एकत्र येत होता. आतल्या दालनात भिंतीकडेनं सतरंज्या पसरल्या होत्या. खांबाजवळ येताच शामलाला तो बसका आवाज ऐकू आला आणि ती थांबली. जिजाबाईंची पाठ तिच्याकडे होती. समोर वणीकडची एक म्हातारी, रंभाबाई, आपल्या आजारी सुनेला वारा घालत ऐकत होती.

"ओटा असा वं, उभ्यानं सैपाक कराचा. वाकाचं कामच नाही. कपाट भितीतच. झोपाळा टांगला घरात, अन् कूलरची खिडकी एवढी मोठी," जिजाबाई हात पसरून दाखवत होत्या.

"मंग तुमी इथं काहून पडल्या बाप्पा?" रंभाबाईंनी विचारलं.

"गिलावा ओला हाये ना अजून. माह्यासाठी बाहेरची खोली काढली त्यायनं. तिले अलग दार, अलग नळ. संडास बाजूलेच. माही जाऊच म्हणे, बाईले लांब चालाचं काम नाही पडलं पायजे. लय मायेची हाये. पण ओल्या घरात बिमार माणसानं जाऊ नाही म्हणते डाक्टर."

शामलाच्या हातात डबा गरम लागत होता. तिला परत फिरावंसं वाटलं. ती फिरलीही असती, पण रंभाबाईंनी तिला पाहिलं.

"कोण पायजे वं बाई?"

जिजाबाई वळल्या. त्यांच्या गळ्याची कातडी काळी पडली होती, करपल्यासारखी. दोघींची नजरानजर झाली. जिजाबाईंच्या चेहऱ्यावर आधी आनंद दिसला, खरोखरचा, आणि त्याच्या मागोमाग त्या घाबरल्या.

"ही कोण?" रंभाबाई.

शामलानं तोंड उघडलं. पण जिजाबाई आधी बोलल्या. "आमच्या गावची पोरगी हाये. इकडंच महालात राह्यते. पाहाले आली."

मी जाऊ आहे, ती मायेची जाऊ मीच, असं म्हणायला शामलाच्या तोंडाला कोणी कुलूप घातलं नव्हतं. पण म्हटलं असतं तर सगळ्या बायकांनी तिच्याकडे पाहिलं असतं आणि खोलीबद्दल विचारलं असतं. जाऊबाईंनी आपल्याला वाचवलं म्हणून तिला हायसं वाटलं. आपल्याला हायसं वाटलं हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची किळस आली.

ती सतरंजीच्या कडेला बसली. डबा पुढे केला. जिजाबाईंनी झाकण काढून वास घेतला आणि डबा रंभाबाईंकडे सरकवला. "घ्या, माह्या जावेनं धाडला हिच्या हाती. मी मागून खातो." शेजारी पेजेचं पातेलं होतं. गळ्याखाली पातळाशिवाय काही उतरत नाही हे शामलाला तेव्हा कळलं. एवढी मोठी गोष्ट तिनं देवाजीला विचारलीही नव्हती.

रंभाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीची तारीफ केली. शामला जिजाबाईंकडे झुकली आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, घरी चला. आमच्या खोलीत निजा. आत्ताच चला."

जिजाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात फार हलका झाला होता.

"अन् आता या बायायले काय सांगू वं?" त्या तितक्याच हळू म्हणाल्या.

रंभाबाईंनी घास गिळून मान वर केली. "डबा तुमीच आणला, म्हणजे यायच्या जावेचं घर पाह्यलं असन. झाली का वं ती खोली?"

दालनातल्या दोन-तीन बायकाही ऐकत होत्या. जिजाबाई पेजेच्या पातेल्यात पळी फिरवत राहिल्या, वर न पाहता.

"होऊन राहिली," शामला म्हणाली.

"घाई नोका करू म्हणा त्यायले," जिजाबाई म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "गिलावा चांगला वाळू द्या म्हणा. मी हाये इथं."