घरची गाडी

"आबा, मागं बसा आणि तोंड उघडू नका," गुणाजीने बापाला तिसऱ्यांदा बजावले.

महिपत बसला खरा. पण चाळीस वर्षे कल्याण स्टेशनाबाहेर टांगा हाकलेल्या माणसाला मागच्या गादीवर कुठली चैन पडायला? होळीनंतर घोडी विकली, तेव्हापासून हातांना कामच नव्हते. ते नुसते मांडीवर चुळबुळत राहत.

पुढे गुणाजीशेजारी विमा कंपनीचे श्रीपादराव, हातात फॉर्म. लष्कराच्या कॅम्पातल्या लिलावात मिळालेले जीपचे इंजिन, मोडक्या ऑस्टिनची दारे, लोहाराने ठोकलेले मडगार्ड. पोराने पाच वर्षे रक्त आटवून ही गाडी जोडली, पण असल्या गाडीचा विमा कुणी उतरवेना. आज ती तपासणीपुरती रस्त्यावर आली होती.

"घरगुती वापर असेल तर हप्ता परवडेल," श्रीपादराव म्हणाले. "भाडं मारणार असाल तर तिप्पट."

"घरचीच आहे साहेब. तिप्पट कुठून भरू मी?"

पारनाक्यापर्यंत गाडी झकास आली. तिथे भाजीची पाटी घेऊन आवडाबाई उभी होती, महिपतचे जुने गिऱ्हाईक.

"चला दुर्गाडी, दुर्गाडी! एक शीट!"

महिपतच्या तोंडून निघून गेले. त्याच हाळीवर लहानाचा मोठा झालेल्या गुणाजीचा पायही आपसूक ब्रेकवर पडला. आवडाबाई पाटीसकट आत.

"घोडी कुटं रं तुजी?"

महिपतने गुणाजीच्या पाठीकडे पाहिले. गुणाजी मान ताठ करून गाडी हाकत होता. श्रीपादरावांनी पेन उघडले.

दुर्गाडीला उतरून आवडाबाईने पदराची गाठ सोडली, दोन आणे पुढे केले. महिपतचा तळवा सवयीने कधीच पसरला होता. त्या तळव्याकडे पाहून त्याला जन्मात वाटली नव्हती अशी लाज वाटली. पोराचा घास आपण हिसकावतोय. त्याने मूठ मिटली.

"नको, आवडे. ही घरची गाडी हाय."

"फुकट? मी काय भिकारीण हाय?"

"पाव्हणी हायेस तू आमची."

तिने पदराला पुन्हा गाठ मारली. मग मेथीची एक जुडी गादीवर ठेवून चालू लागली.

श्रीपादरावांनी जुडीकडे पाहिले, महिपतकडे पाहिले. मग 'घरगुती' लिहून पेनाला टोपण लावले.

परतताना स्टेशनाशी दोन माणसे हात करून उभी होती. महिपतने जुडी घट्ट धरली आणि दुसरीकडे पाहिले.