साहेबरावाची तक्रार

मेघाच्या पोटात दुखायचं ते धाकट्या जावेच्या मोबाईलमुळे. उस्मानपुऱ्यातल्या त्या घरात मोनिका सून म्हणून आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती, हे मेघा आजही विचारलं नाही तरी सांगेल. त्याच मोनिकाला आता टिकटॉकवर दोन लाख लोक बघत होते.

लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात दोघी जावा गच्चीवर कुरडया घालायच्या. म्हणजे चीक मेघा शिजवायची, सोऱ्याही तीच दाबायची, आणि मोनिका काठपदराची साडी नेसून, फोन पाण्याच्या टाकीला टेकवून त्या कुरडया जगाला दाखवायची. पिशोरहून तिच्या माहेरच्यांचे कौतुकाचे फोन यायचे. सासू, सरूबाई, कठड्यावरून शेजारणीला सांगायची, "आमची मोना टीव्हीतल्या बाईवानी दिसती." ते ऐकून मेघाच्या घशाखाली घास उतरायचा नाही. इतकी वर्षं ती या घरात राबत होती, तिला कोणी कधी बघितलं होतं?

गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. हात चालायचा तसं तोंडही चालायचं. "बोलव की तुझ्या त्या दोन लाखांना सोऱ्या फिरवायला!" नाहीतर, "पदर सावर बाई, चिकात बुडाला तर धुवायला लाईकवाले येणार नाय." मोनिका नुसती हसायची आणि शूटिंग चालूच ठेवायची. तिचं ते हसणं मेघाला जास्त झोंबायचं.

शेवटी मेघाने नवऱ्याच्या फोनवर 'साहेबराव' नावाने खातं उघडलं. दुपारी राजकुमार आडवा झाला की ती फोन घेऊन न्हाणीत शिरायची, आवाज पार बंद करायची आणि मोनिकाचं तोंड दिसलं रे दिसलं की 'रिपोर्ट' दाबायची. कारण विचारलं की यादीतलं पहिलंच ठोकून द्यायची. ते काय आहे, हे वाचायच्या भानगडीत ती पडली नाही. कुरडयांचा एकही व्हिडिओ तिने सोडला नाही आणि एकही पूर्ण बघितला नाही. जावेचा तोरा तेवढा वेळ बघवायचाच नाही तिला.

जून संपता संपता एका संध्याकाळी राजकुमार टीव्हीसमोरून ओरडला, "आगं, सरकारनं चिनी अ‍ॅप बंद केले! टिकटॉक गेलं!"

मेघाच्या हातातली पळी तशीच राहिली. सीमेवर काय झालं, चीनला कशी अद्दल घडवायची, हे टीव्हीवाला घसा फोडून सांगत होता. मेघाला मात्र एवढंच कळलं, की साहेबरावाची तक्रार दिल्लीला पोचली. इतक्यांदा दाबलं, की कोणीतरी वैतागून अख्खं अ‍ॅपच बंद करून टाकलं! तिला दरदरून घाम फुटला. उद्या साहेबराव कोण म्हणून कोणी दारात उभं राहिलं तर? मग घाम पुसता पुसता तिला हळूच हसू आलं. जावेचे दोन लाख लोक गेले होते. त्या दिवशी ती दोन घास जास्तच जेवली.

दुसऱ्या दिवशी मोनिका गच्चीवर टाकीला टेकून रडत होती. मेघा कपडे काढायच्या निमित्ताने वर गेली. खरं तर तिला ते रडणं जवळून बघायचं होतं.

"व्हिडिओ फोनात ठेवले असशील ना गं सगळे?" तिने विचारलं.

"फोनात जागाच नव्हती ताई. जे होतं ते तिथंच." मोनिकाने नाक पुसलं. "आता सांगायला काय हरकत हाय? मला कोण बघत होतं? लोक तुमच्यासाठी यायचे."

"माझ्यासाठी?"

"तुमचं बोलणं ऐकायला. तुमी पाठमोऱ्या, नुसता हात दिसायचा, पण आवाज लई साफ यायचा. 'आज जाऊबाई काय बोलल्या?' म्हणून विचारायचे. वेरूळच्या एका बाईनं तर मला लिहिलं, 'तुमी मधून सरका, जाऊबाईला पुढं घ्या.'"

मेघा होती तिथेच खाली बसली. "मग मला सांगितलं का नाय?"

मोनिका पायाच्या अंगठ्याने गच्चीची फरशी उकरत राहिली.

"माझ्या पोटात दुखायचं," ती म्हणाली.

मेघा खाली आली. तिने झोपलेल्या नवऱ्याच्या उशाचा फोन उचलला, न्हाणीत जाऊन कडी लावली आणि पहिल्यांदाच आवाज पूर्ण मोठा केला. साहेबरावाच्या खात्यावर सरकारी बंदीच्या चार ओळी आल्या, दुसरं काही नाही. तरी तिने फोन कानाला लावून धरला. कुरडया घालणाऱ्या त्या पाठमोऱ्या बाईचा तिला भयंकर हेवा वाटला. दोन लाख लोकांनी तिला ऐकलं होतं, आणि मेघाला ती कधीच ऐकू येणार नव्हती.