समोरचा पेला

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे, जोडीतला दुसरा. मला घडवताना कारागिराने नळीतून फुंकर घातली. तिचा एक इवलासा बुडबुडा माझ्या बुडाशी अडकला, तो अजून तिथेच आहे.

पहिला पेला सुताराचा, मी रंगाऱ्याचा. एकाने दारं घडवायची, दुसऱ्याने रंगवायची. शनिवारी काम आटोपलं की लाकडाच्या भुशात बसून दोघं एकेक पेला घ्यायचे.

"तुझी दारं करकरतात रे!" रंगारी चिडवायचा.

"तुझा रंग चिकटतो, म्हणून!"

पिणं थोडं, हसणं फार.

मग रंगारी आजारी पडला आणि गेला. पुढच्या शनिवारी सुताराने मलाही भरलं, रिकाम्या स्टुलासमोर ठेवलं. आधी आपला पेला संपवला, मग मला. हळूहळू रोजच शनिवार उजाडू लागला. मोठी बहीण फोनवर रागावली, तर म्हणाला, "एकटा कुठे पितोय, ताई? समोर पेला आहे की!"

त्या खोट्यात मीही सामील होतो. पटाशी गंजली, मापं चुकू लागली, झोप उडाली. एकदा तो मला म्हणाला, "उद्या उठलो नाही, तर कुणाचं काय अडणार आहे?" मला हात असते, तर मी त्याला घट्ट धरलं असतं.

एका दुपारी ताई आली. बाटली पाहिली, पण ओरडली नाही. सरळ स्टुलावर बसली. मला विसळून पाण्याने भरलं.

"आता हा माझा. सांग, काय बोलता रे तुम्ही दोघं?"

सुताराने आपला पेला खाली ठेवला. मग लहान मुलासारखा रडला. "तो काही बोलतच नाही गं, ताई."

दुसऱ्या दिवशी ती त्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तहान एकदम मिटली नाही. अजूनही काही दिवस फार जड जातात. तेव्हा तो मला रुमालात गुंडाळतो, चार गल्ल्या ओलांडून ताईच्या घरी जातो.

"ताई, पेला आणलाय."

"ये. दार उघडंच आहे. तूच केलेलं, करकरतं मेलं अजून!"

मित्रांनो, कुणी असं एकटंच पीत बसलेलं दिसलं, तर घरातल्या मोठ्यांना सांगा. त्याच्या समोरची जागा आमच्यावर सोडू नका. आम्ही काठोकाठ भरतो, पण आम्हाला "जेवलास का?" असं विचारता येत नाही.