सातव्या झाडाचा पांगारा

पहिले झाड. हादग्याचे.
इथे माझा बाप, बापूराव, धोतर पसरतो. पानमळ्यातल्या वेलींवर सावली किती ठेवायची ते तो धोतरावर ठरवतो. उन्हाचे ठिपके तुरीच्या डाळीएवढे पडले तर झाड बरोबर. भाकरीएवढे पडले तर वेल करपणार. पडलेच नाहीत तर पान सडणार.
आता त्याला ठिपके दिसत नाहीत, मोतीबिंदू झालाय. म्हणून तो विचारतो. मला नाही. धाकट्या दौलतला.

दुसरे, तिसरे. शेवरी.
दोन्ही मी छाटली. कोणी शाबास म्हटले नाही.

पाचवे.
हे झाड नाही, खड्डा आहे. लग्नाच्या वर्षी मी इथे पांगारा लावला होता. बापाने उपटून बांधापलीकडे फेकला.
"अबे नथ्थू, ऐन चैतात नागडं होते थे! वेलीले सावली पायजे तवाच अंगावरचं काढून फेकते. कायले लावलं?"
दौलत हसला. अजून ऐकू येते.

चौथे मागे राहिले.
त्याच्याखाली बाप म्हणाला, "ज्याले सावली समजते, त्याले आखाजीले कोयता देईन." म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून मळ्यात त्याचाच शब्द. बोलताना तोंड दौलतकडे. थोरला मी.

सहावे.
इथून दौलतच्या ओळी. कारंज्याचा व्यापारी त्याचे पान गालाला लावून म्हणाला, "वा, दौलतराव!" मग माझ्या टोपलीकडे बघून, "हे बी बरं हाय."
बरं!

सातवे.
दौलतचा लाडका हादगा. चैत्र होता. तो पाने घेऊन शेलूबाजारला गेलेला. मी वर चढलो. दोनच फांद्या काढायच्या होत्या. चार निघाल्या. मग उरलेल्याही.

दुपारी दौलत आला. बाप चाचपडत आला. धोतर पसरून त्यावर हात फिरवला. ठिपका एकही नाही, सगळे धोतर ऊनच.
"कोनं केलं?"
"दौलतनंच. सकाळी," मी म्हणालो.
बापाने खालच्या फांदीचा काप बोटांनी चाचपला. तिरपा, साल कुठे फाटलेली नाही.
"दौलत साल फाडते. असा काप मळ्यात एकालेच येते. हा हात तुया हाय, नथ्थू."
खरे सांगतो, आधी मला आनंदच झाला.
"हात हाय, पन पांगारा केला त्वा याचा!"
आखाजीची वाटही बघितली नाही. कोयता तिथेच दौलतच्या हातात दिला.
"सावलीले मांडव होईस्तोवर दोघं बी धोतर धरा वेलीवर."

धरले. दोन टोके दौलतची, दोन माझी.
"दादा, वढ जरासं तिकडं."
ओढले. धोतर जागोजागी विरलेले होते. वेलीवर ठिपके पडले, तुरीच्या डाळीएवढे.
"बराबर पडून राह्यले, दादा!"
मला ते आधीच दिसले होते. बोलला मात्र तो.