राता भाताचं लेबल

"केवढ्याला?"

हर्षलाने विचारलं तेव्हा वाल्मिक खडे दहिवलीत धोंडूबाईच्या भंगाराच्या शेडबाहेर टेंपोच्या फाळक्यावर बसून चहा पीत होता. त्याने कप बाजूला ठेवला, खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि म्हणाला, "फुकट."

"फुकट म्हणजे?"

"फुकट म्हंजे फुकट, ताई. एक रुपाया नाय गेला."

पिशवीत एक लेबल होतं. काडेपेटीएवढं, टपाल तिकिटासारख्या दातेरी कडांचं. मध्ये तांबडी लोंबी, वर 'कर्जत तालुका भात प्रदर्शन १९५४' आणि खाली एकच शब्द, 'राता'.

हर्षलाने ते हातात घेतलं नाही. घेतलं असतं तर ते तिला किती हवं आहे ते धोंडूबाईला दिसलं असतं.

"हर्षे, तोंड बघ गं तुझं," धोंडूबाई काट्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा चढवत म्हणाली. "कच्चं लिंबू चोखल्यावानी झालंय."

"उन्हातून आले, म्हणून."

"ऊन सगल्यांनाच हाय. आनि केवढ्याला शिवाय दुसरं कायतरी इचार गं मानसाला कदी."

हर्षलाने ते कानाआड केलं. ती त्या दातेरी कडांकडे बघत होती.

ती कर्जतच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. चोवीस वर्षं ती परीक्षानळ्या धूत होती आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होती. अकरा वर्षं ती या प्रदर्शनाची लेबलं शोधत होती. अशा लेबलांना पोस्टात काही किंमत नसते. प्रदर्शनाच्या जाहिरातीसाठी ती छापतात, पाकिटांवर, बरण्यांवर, गोण्यांवर चिकटवतात आणि प्रदर्शन संपलं की फेकून देतात. म्हणूनच ती दुर्मीळ होतात. या प्रदर्शनाची चार होती, भाताच्या चार वाणांची. झिनी, कोलम, पटणी आणि राता. तिच्याकडे पहिली तीन होती. राता कोणाकडेच नव्हतं.

तीनही तिला स्वस्तात मिळाली होती आणि ते तिच्या शिस्तीमुळे, असं ती मानत असे. हवी ती वस्तू बघायचीच नाही. शेजारच्या वस्तूचा भाव करायचा आणि हवी ती वर मागून घ्यायची. झिनी एका जुन्या वहीत होतं. ती वही तिने रद्दीच्या भावात उचलली. कोलम एका फुटक्या तसबिरीच्या पाठीवर होतं. पटणी भिवपुरीच्या अंबाबाईकडे मिळालं, वीजघराच्या वसाहतीतल्या एका म्हातारीकडे, पत्र्याच्या डब्यावर. "डबा छान आहे, मावशी," हर्षला म्हणाली होती. अंबाबाईने साठ रुपये घेतले आणि वर दोन काकड्याही दिल्या. लेबल काढून झाल्यावर डबा धोंडूबाईच्या शेडमध्ये गेला.

वाल्मिकचं सगळं उलटं. तो कडावचा, दुधाचा टेंपो चालवणारा, साठीला आलेला माणूस. त्याच्याकडे ना भिंग होतं, ना चिमटा. तिकिटं तो मिठाईच्या खोक्यात ठेवी आणि ग्रीसच्या बोटांनी उचली. एखाद्या घरात जुनं तिकीट दिसलं की तो घरच्यांना सरळ सांगे, "मावशी, हे टाकू नका, ह्याला किंमत हाय." आणि मग घरचे ते त्यालाच देत! हे हर्षलाला आजवर समजलं नव्हतं. नियम कुठे चुकतो ते ती शोधत राही आणि तिला सापडत नसे.

गेले चार रविवार तो धोंडूबाईकडे आला नव्हता. ते चार रविवार तिला फार चांगले गेले होते. शेड तिची एकटीची होती. आज मात्र तो तिच्या आधी पोचला होता, डोक्यावर कधी नसते ती टोपी घालून, आणि खिशात राता घेऊन.

"बघू पुन्हा कधीतरी," म्हणून ती स्कूटरकडे वळली. काही न घेता ती त्या शेडमधून प्रथमच परतत होती.

बुधवारी खोपोलीहून फोन आला. तिथली छंद मंडळाची माणसं दोन दिवसांचं तिकिटांचं प्रदर्शन भरवत होती. "मॅडम, तुमची तीन आणि खड्यांचं एक, असा संच पुरा होतो. एकाच चौकटीत लावाल ना? आपल्या भागातली चारही लेबलं एकत्र कुणी पाहिलेली नाहीत."

"लावू," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

शुक्रवारी वाल्मिक स्वतःच शाळेच्या फाटकाशी आला. पिशवी तिच्या हातात देऊन म्हणाला, "तुमीच लावा. तुमचा हात साफ हाय. माझ्या हाताला ग्रीस."

"पावती देऊ का लिहून?"

"कसली पावती?" तो हसला. "तुमी काय पळून जाताय, ताई?"

शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची. मुलं गेल्यावर तिने प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं, पांढरी फरशी पुसली आणि लेबल भिंगाखाली धरलं.

तांबडा रंग तिला जरा जास्तच ताजा वाटला. डाव्या कडेचे दोन दाते आखूड होते. तिने मोजपट्टी लावली. दाते तिच्या तीन लेबलांशी जुळत होते. पण मोजपट्टी लावून कोणीही दाते पाडू शकतं. आजकाल रंगीत प्रिंटर घरोघरी आहेत. फुकट. असं काही फुकट मिळतं का? खोटं असेल. बघता बघता 'असेल'चं 'आहे' झालं, आणि तिला सहा दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

खात्री करायचा एक मार्ग तिला ठाऊक होता. ही लेबलं बिनडिंकाची छापली होती. प्रदर्शनात ती भाताच्या खळीने चिकटवली गेली. तिच्या तिन्ही लेबलांच्या पाठीवरचा खळीचा कण तिने सुईच्या टोकाने खरवडून, वेगळा फरशीवर घेऊन तपासला होता. आयोडीन लावताच तो निळा झाला होता. सातवीच्या मुलांना बटाट्यावर दाखवतात तीच ही चाचणी. पिष्ट असेल तर निळं.

या वेळीही सुई तिच्या हाताशीच होती. तिने ड्रॉपर उचलला. लेबल उलटं करून तिने आयोडीनचा थेंब सरळ त्याच्या पाठीवर सोडला.

तपकिरी थेंब क्षणभर तसाच राहिला. मग काळा-निळा झाला.

तिच्या मनात आलं, त्याचं खरं निघालं. आणि पाठोपाठ तिला दिसलं की निळेपणा खळीच्या पुटापाशी थांबलेला नाही. तो शेजारच्या कोऱ्या कागदातही पसरला होता. म्हणजे कागदातच पिष्ट होतं. तसं ते कालच्या प्रिंटरच्या कागदातही असतं. थेंबाने काहीच सिद्ध केलं नव्हतं. आधी कोऱ्या नमुन्यावर करून बघा, मग खऱ्यावर, हे दर जुलैत मुलांना सांगून तिची जीभ झिजली होती.

तिने लेबल सुलटं केलं. तांबड्या लोंबीच्या मधोमध मुगाच्या दाण्याएवढा काळा-निळा डाग उमटला होता.

कपाटात क जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या. एक पाण्यात विरघळवून लावली असती तर डाग निमिषात गेला असता, आणि त्याबरोबर जुनी तांबडी शाईही वाहून गेली असती. तिने लेबल टीपकागदावर ठेवलं आणि खिडकीशी बसून राहिली. शिपाई दार वाजवून गेला, "मॅडम, कुलूप लावायचंय." ती उठली.

रविवारी सकाळी ती कडावला निघाली. वाटेत तिने तीन वाक्यं तयार केली. शाई सांडली. बाटली कलंडली. आधीपासूनच डाग होता, तुम्ही पाहिला नाही. तिसरं सगळ्यात चांगलं होतं. वाल्मिकची नजर जवळचं नीट टिपत नव्हती, हे तिला माहीत होतं.

वाल्मिक अंगणात दुधाचे कॅन धूत होता. टोपी खुंटीला होती. त्याच्या डोक्यावर बोटभरही केस नव्हते, नुकत्याच कापणी झालेल्या शेतासारखं डोकं दिसत होतं. हर्षला फाटकातच थांबली.

"या, ताई. लावलं का?"

तिने पिशवी पुढे केली. त्याने हात पुसले, लेबल हात लांब करून डोळ्यांपासून दूर धरलं, मग जवळ आणलं.

"हे काय पडलं?"

तीनही वाक्यं तयार होती.

"पडलं नाही. मी टाकलं."

"तुमी? कशापायी?"

"खोटं आहे का ते बघायला."

कॅनमधलं पाणी त्याने अंगणात ओतलं, कॅन उपडा घातला आणि घरात गेला. आता तो दार लावून घेईल, असं तिला वाटलं. तो परत आला तो काचेची एक मोठी बरणी घेऊन. बरणी रिकामी, घासून लख्ख केलेली होती. फक्त मधोमध काडेपेटीएवढा धुरकट चौकोन होता.

"लावून बघा," तो म्हणाला.

तिने लेबल चौकोनावर धरलं. डाव्या कडेच्या त्या दोन आखूड दात्यांची तुटलेली टोकं काचेवरच राहिली होती, खळीत घट्ट, केसाएवढी तांबडी.

"बानं राता पाठवला व्हता प्रदर्शनाला, ह्या बरणीत भरून. दुसरा नंबर आला. आय तवा नवी नवरी. मग तिनं बरणीत मीठ ठेवलं ते कायमचं. मागल्या महिन्यात आय गेली. दिवस झाल्यावर घर धुतलं, बरनी घासली, तवा हे सुटून हातात आलं."

हर्षलाने बरणी जपून खाली ठेवली. "मला कळलं नाही, दादा. तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुमी इचारलंत, केवढ्याला. ते सांगितलं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

"जाईल का हा डाग?" त्याने विचारलं.

"पुसायचा नाही. रंग उतरेल. हवेत ठेवलं की आपोआप उडून जाईल. पंधरा-वीस दिवस लागतील."

"मग लावा तसंच. लोकं काय लोंबी मोजायला येनार हायेत?"

खोपोलीच्या शाळेच्या सभागृहात चौकट लागली. चार लेबलं, काळ्या कागदावर, सारख्या अंतरावर. प्रत्येकाखाली कोठून मिळालं ते लिहायचं असतं. आजवर ती तिथे 'खाजगी संग्रहातून' एवढंच लिहीत आली होती. या वेळी तिने पटणीखाली लिहिलं, 'अंबाबाई, भिवपुरी, यांच्या डब्यावरून.' रातासाठी तिने वाल्मिकला फोन केला.

"वडिलांचं नाव?"

"गोमा."

"आईचं?"

"हिरू."

"हिराबाई लिहू?"

"हिरूच लिहा. तिला कुनी बाई म्हनलंच नाय कदी."

दोन दिवस माणसं चौकटीपाशी थांबत होती आणि थांबत होती ती चौथ्या लेबलापुढे. वाल्मिक इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी उभा होता आणि येईल त्याला बरणीची गोष्ट सांगत होता. डागाबद्दल कोणी विचारलं की म्हणे, "त्यो जानार हाय, ताईंनी सांगितलंय." तिच्या तीन लेबलांची गोष्ट कोणी विचारली नाही. विचारली असती तरी साठ रुपयांपलीकडे तिच्याजवळ सांगण्यासारखं काय होतं? हर्षला खुर्चीत बसून होती. वाल्मिकबद्दलची तिची जुनी असूया होती तशीच होती. जरासुद्धा कमी झाली नव्हती.

चौकट उतरवल्यावर राता तिच्याकडेच राहिलं, डाग जाईपर्यंत. ती रोज बघत होती. काळा-निळ्याचा जांभळा झाला, जांभळ्याचा राखी. एकोणिसाव्या दिवशी तो दिसेना. भिंगाखालीही नाही. त्या दिवशी लेबल तिच्या वहीत, तिने अकरा वर्षं मोकळ्या ठेवलेल्या चौथ्या जागेवर होतं. संच पुरा होता. तिने तो दुपारभर उघडा ठेवला.

मग ती कडावला गेली.

वाल्मिकने लेबल उजेडात धरून पाहिलं. "गेला की!" तो खूश होऊन म्हणाला आणि आत जाऊन बरणी घेऊन आला. "आता आनखी एक काम करा. चिकटवून द्या पहिल्यासारखं. मी करायला गेलो तर वाकडं बसंल."

"पुन्हा चिकटवलं तर त्याची किंमत..." ती बोलायची थांबली.

"आं?"

"काही नाही. घरात भात आहे का?"

त्याने वाटीभर शिळा भात आणून दिला. तिने त्यातली चार शितं घेतली, थोडं पाणी घालून बोटाने मळली, गुठळी राहू दिली नाही. लेबलाच्या पाठीवर पातळ हात फिरवला. धुरकट चौकोनावर, ते दोन दाते जुळवून, लेबल बसवलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. खळ धरेपर्यंत हलवायचं नसतं. ती सवयीने मनात आकडे म्हणू लागली.

वाल्मिक मिठाची पिशवी घेऊन समोर उभा होता.

"झालं का?"

"अजून थोडं," ती म्हणाली आणि अंगठा काढला नाही.