ऑक्टोबरचा मान

"मुलगी गुणी आहे हो, पण घरात आहे की नाही तेच कळत नाही," असं सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, फ्रीजच्या उघड्या दारामागे दुधाचं पातेलं हातात घेऊन उभी होते. सासरे खालच्या आवाजात म्हणाले, "मग यंदाचा मान तिलाच द्यावा. समोरच्या खुर्चीत बसली की दिसेल तरी." यावर दोघं हसले. मग मी फ्रीजचं दार लावलं, आणि दोघंही असे दचकले की सासूबाईंच्या हातातला चमचा गॅसच्या शेगडीखाली गेला. तो मीच काढून दिला.

या घरात ऑक्टोबर म्हणजे भयपट. दर शनिवार-रविवारी दुपारची जेवणं आटोपली की पडदे ओढायचे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचे आणि सगळ्यांनी मिळून एक पिक्चर बघायचा. सासरे आयुष्यभर एका चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवायचे, त्यामुळे याला ते 'खेळ' म्हणतात, आणि दुपारचाच खेळ खरा, रात्री काय कुणीही घाबरतं, असं त्यांचं ठाम मत आहे. पिक्चर निवडायचा मान दर वर्षी एकाला मिळतो. त्याने ते आठवड्यात एकट्याने आधी बघून ठेवायचे, आणि खेळाच्या वेळी टीव्हीच्या शेजारी खुर्ची टाकून, पडद्याकडे पाठ करून, बघणाऱ्यांकडे तोंड करून बसायचं. ही रीत सासऱ्यांची. प्रोजेक्टरच्या खोलीतल्या झरोक्यातून त्यांनी पिक्चर फारसे बघितलेच नाहीत, माणसंच बघितली. "पडद्यावर काय चाललंय ते सगळ्यांनाच दिसतं," ते मला म्हणाले, "सोफ्यावर काय चाललंय ते तू बघ, सूनबाई."

आता माणसांच्या डोळ्यांत बघणं हा माझा धंदाच आहे. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर अनोळखी माणसं माझ्यापासून वीतभर अंतरावर बसून वर बघतात, खाली बघतात, मी नाकासमोर आणलेल्या पेनाच्या टोकाकडे बघतात, आणि दुकानाबाहेर पडली की मला ओळखत नाहीत. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. पण फ्रीजमागे ऐकलेलं ते वाक्य मात्र घशात अडकलेल्या काट्यासारखं राहिलं, आणि मी ठरवलं की या महिन्यात सासू-सासरे, नवरा आणि नणंद ह्या चौघांना असं घाबरवायचं, की मी घरात आहे हे पुन्हा कुणाला सांगावं लागू नये. सासऱ्यांना तर खास. त्यांना आजवर कुणीच दचकवलेलं नव्हतं, म्हणजे चमच्याचा प्रसंग सोडल्यास.

निवड करताना मी एकच गोष्ट पाळली: एका चवीचं लागोपाठ दोनदा वाढायचं नाही. पहिल्या शनिवारी रिकाम्या घराचा पिक्चर लावला, ज्यात अर्धा वेळ नुसती दारंच दिसतात. सासूबाई मृतांना घाबरत नाहीत ("जिवंतांनी काय कमी छळलंय?"), पण उघडं राहिलेलं दार त्यांना सहन होत नाही हे मी हेरून ठेवलं होतं. त्या शेवटी ओरडल्याच, "अगं लावून घे ना ते दार, बाई!" रविवारी मुखवटेवाला खुनी. त्यात नवरा आधी खूप हसला आणि मग उशी तोंडावर घेऊन बसला. सासरे शांत. त्यांच्या चष्म्याच्या काचांत पडद्याचे दोन छोटे उजळ चौकोन दिसायचे. पाठमोरी असूनही मला त्यांतच पिक्चर कळायचा.

"बरा होता," खेळ संपल्यावर ते म्हणाले. त्यांच्या तोंडी 'बरा' म्हणजे नापास.

पुढच्या आठवड्यात समुद्रातल्या राक्षसाचा पिक्चर होता. सासूबाईंना त्याच्या खाण्यापिण्याचीच काळजी. "एवढं मोठं जनावर, पोट कसं भरत असेल?" नणंद हसून लोळत होती आणि मला वाटलं, गेला हा खेळ वाया. तेवढ्यात तो प्रसंग आला, ज्यात नायिका बोटीवर बसून ओले कपडे घड्या करून ठेवते. तिथे काहीच होत नाही, संगीतसुद्धा नाही. आणि नेमके तिथेच चौघं एकदम गप्प झाले. नणंदेने पाय वर ओढून घेतले. मी खुर्चीत ताठ झाले, कारण हा पिक्चर मी या शांत जागेसाठीच निवडला होता असं त्या क्षणी मला मनापासून वाटलं, आणि मग माझं लक्ष सासऱ्यांच्या चष्म्याकडे गेलं. काचांमधले ते उजळ चौकोन दिसेनासे झाले होते. म्हणजे त्यांनी मान वळवली होती. ते पडद्याकडे बघत नव्हते. कुणीच बघत नव्हतं.

मी मागे वळून पाहिलं. भिंत होती, आणि दिव्याचं बटण.

संध्याकाळी कपडे वाळत घालताना मी नवऱ्याला सहज विचारलं, "सगळ्यात जास्त कुठे घाबरलास?"

"ती सावकाश उठते ना, तिथे," तो म्हणाला. "कसला सीन आहे! अंगावर काटा आला."

त्या पिक्चरमध्ये सावकाश कुणीच उठत नाही. मी तो दोनदा बघितला होता. नणंदेला विचारलं तर तीही म्हणाली, "वहिनी, ती उठते तेव्हा माझी तर वाचाच गेली. कुठून शोधून काढतेस गं असलं?"

एखादीच्या हातच्या भाजीची कुणी तोंड भरून तारीफ केली आणि तीत न घातलेल्याच मसाल्याचं नाव घेतलं, तर ती बाई काय करते? हसून मान डोलावते. मीही डोलावली. शिवाय खरं सांगायचं तर मला त्या रात्री इतकी छान झोप लागली, जितकी लग्न झाल्यापासून या घरात लागली नव्हती.

तरी खात्री करून घ्यायची सवय जात नाही. तिसऱ्या आठवड्यात अंगात शिरणाऱ्या सैतानाचा पिक्चर लावला आणि खुर्ची टीव्हीच्या दुसऱ्या बाजूला, खिडकीजवळ हलवली. "इकडे का बसलीस?" सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, तिकडे वारा लागत नाही. पिक्चरमध्ये आरडाओरडा सुरू होता, भांडी फुटत होती, आणि सोफ्यावरचे चौघं त्या गोंगाटाकडे पार दुर्लक्ष करून खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या होत्या, पण माझ्यावर नव्हत्या. हा फरक इतरांना सांगून समजायचा नाही. डोळे लांबचं बघताना सरळ असतात, आणि वस्तू जवळ आली की दोन्ही बुबुळं नाकाकडे सरकतात. नजर किती अंतरावर टेकली आहे हे मला पट्टी न लावता कळतं. चौघांच्याही नजरा माझ्या किंचित मागे, खांद्याच्या वरच्या अंगाला टेकलेल्या होत्या. उभ्या माणसाचं तोंड असतं तिथे.

सासऱ्यांनी सोफ्याचा हात घट्ट धरला. त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झाली. मी ते बघितलं आणि माझ्या छातीत असं काही भरून आलं, की मागे वळून बघायचं मला सुचलंच नाही. आता लिहिताना कळतंय, की सुचलं होतं. वळावंसं वाटलं नाही.

खेळ संपल्यावर त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "एवढे खेळ लावले मी," ते म्हणाले, "पण सूनबाई, मानलं तुला."

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले. मी खोलीत आले की बोलणी थांबायची. सासूबाई स्वयंपाकघरात येण्याआधी दाराशी खाकरायच्या, आणि बोळातून समोरासमोर आलो की भिंतीला लागून वाट द्यायच्या. मी पुढे गेले तरी क्षणभर तशाच थांबायच्या, जणू आणखी कुणी जायचं राहिलंय. जेवताना नणंद विचारायची, "वहिनी, पुरे ना तुला... तुम्हाला?" तिने मला अहो-जाहो कधी केलं नव्हतं. नवरा दिवा चालू ठेवून झोपायला लागला. वाण्याच्या दुकानात एका गिऱ्हाईकाने तर माझ्यासाठी रांगेतली जागा सोडली आणि मग मागे सरकून आणखी एक जागा. घरात कुणी आहे की नाही, हा प्रश्न आता कुणालाच पडत नव्हता.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी मनाच्या खेळाचा पिक्चर ठेवला होता. एक खोली, एक बाई. भूत नाही, रक्त नाही, दार आधीपासूनच बंद. भयपटांतला हा सगळ्यात अवघड प्रकार, कारण घाबरायला काहीच दिलेलं नसतं. जेवणं झाली. पडदे ओढले. चौघं एकमेकांना चिकटून सोफ्यावर बसले आणि मी माझ्या खुर्चीत. रिमोट माझ्या मांडीवर होता. मी बटण दाबलं नाही.

का, ते सांगता येत नाही. म्हटलं, बघू या.

कुणीही "लाव ना" म्हटलं नाही. माझ्या शेजारी टीव्हीची काळी काच तशीच होती. पडद्यांच्या फटीतून दुपारचं मळकट ऊन येत होतं, तेवढ्या उजेडात मला चारही चेहरे नीट दिसत होते. आधी त्या नजरा माझ्या खांद्यावर टेकल्या. बराच वेळ तिथेच राहिल्या. मग वर गेल्या, अगदी हळू, कुणी बसलेलं उठतं तशा. सासूबाईंच्या तोंडून हवा बाहेर पडली, आवाज नाही. मग नजरा माझ्यावरून निघाल्या.

मी श्वास रोखून बघत होते. पेनाचं टोक नाकाजवळ आणताना होतं तसंच, बुबुळं आत सरकत होती. आधी नणंदेची, कारण ती कडेला बसली होती, मग नवऱ्याची, मग सासूबाईंची. सोफा आणि खुर्ची यांच्यामध्ये रिकामी जमीन होती आणि तिच्यावरून चार जोड्या डोळे काहीतरी जवळ येताना बघत होते. सासऱ्यांनी पाय वर घेतले. लहान मुलासारखे, दोन्ही.

मला भीती वाटली नाही. पोरगी पहिल्यांदा स्टेजवर गेली, एकही वाक्य न विसरता उभी राहिली, आणि सगळं सभागृह गप्प झालं, म्हणजे मागे उभ्या असलेल्या आईला काय वाटत असेल, तेच मला वाटत होतं. अंग हलकं झालं होतं. इतकं हलकं, की खुर्ची रिकामी झाल्यासारखी वाटत होती.

आता त्यांच्या नजरा वीतभर अंतरावर येऊन थांबल्या होत्या. चौघं सोफ्याच्या पाठीत रुतले होते, आणि कुणालाच काय करावं ते सुचत नव्हतं. नवऱ्याने डोळे न हलवता माझं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण ते त्याला जमलं नाही. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. घरात नवीन माणूस आलं की अवघडलेपण असतंच, ते मोडायला कुणीतरी आपलं माणूस लागतं. मी घसा साफ केला, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"जरा सरकून घ्या ना. तिला बसायला जागा द्या."