चौथ्या शाळेचे दहापैकी नऊ

आमच्या भागात चार सरकारी प्राथमिक शाळा. लेक सहा वर्षांची झाली तेव्हा चारही पालथ्या घातल्या. मी वायरमन, शाळा अर्धवट सोडलेली. पण नळ, पंखे, संडासाच्या कड्या बघायला डिग्री लागत नाही. शिकवणं कसं मोजायचं तेवढं कळेना. मग युक्ती केली. गोष्टीचं एकच पुस्तक, त्यातलं एकच पान. प्रत्येक शाळेत तिसरीच्या पाच पोरांना वाचायला दिलं.

तीन शाळांत पोरं अडखळली. चौथ्या शाळेत पाचच्या पाच घडाघडा.

चौथी शाळा माझ्या ताईची. तिसरीचा वर्गही तिचाच. दहापैकी गुण देऊन तक्ता केला, चौथ्या शाळेला नऊ, आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. बहीण तिथे शिकवते हेही लिहिलं, लपवलं नाही. पान सगळ्यांना एकच, हे लोकांना पटलं. अकरा घरांनी तिथे अर्ज भरले. नातवाचा अर्ज भरताना शेजारचे काका म्हणाले, "तू बघून आलास ना? मग विषय संपला."

काल खालच्या मजल्यावरची मुलगी आली. ताईच्या वर्गातली, त्या पाचांतली एक. माझ्या लेकीला तेच पुस्तक वाचून दाखवत होती. लेकीनं मधेच चित्र बघायला पान उलटलं. हिची गोष्ट चालूच. मागच्याच पानाची. एक शब्द चुकला नाही.

म्हटलं, "आता हे पान वाच बरं."

पहिल्याच शब्दावर गाडी अडली. "हे बाईंनी पाठ करून नाही घेतलं."

शाळा बघायच्या आठवडाभर आधी हे पुस्तक ताईनंच मागून नेलं होतं. "कुठलं पान रे?" सहज विचारलं तिनं. मीही सहज सांगितलं. बहीण ना.

फोन लावला. आधी हसली. "अरे, परीक्षा म्हटली की तयारी घेतातच!"

"परीक्षा पोरांची नव्हती, ताई. तुमची होती."

ती म्हणाली, "पट घसरला की तुकडी बंद. माझी बदली कुठल्या कुठे होईल. आईला कोण बघणार, तू?"

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर नऊ दिले असतेस?" मग आवाज खाली आणून, "तुझ्या पोरीकडे मी स्वतः लक्ष देईन. बाकीच्यांचं तू कशाला डोक्यावर घेतोस?"

माझी शाळा अर्धवट सुटल्यावर मला वाचायला ताईनंच शिकवलं. अडलो की न चिडता पुन्हा पहिल्यापासून. खरं तर दहा द्यायचे होते. पक्षपात नको म्हणून एक कापला होता मी.

बायकोनं सगळं ऐकलं. "बदली झाली तर आईंना आपल्याकडे आणू. पण हे पोटात ठेवू नकोस. अर्ज बदलायला उद्याचाच दिवस आहे."

सकाळी काकांची बेल वाजवली. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"मग आता नातवाला कुठे घालू?"

"माहीत नाही, काका. बाकीच्या तिन्ही शाळांतली पोरं खरीखुरी अडखळली होती, एवढंच सांगू शकतो."

त्यांनी दार लावून घेतलं. अजून दहा घरं होती.